डायरेक्टर लोकांचे सर

अमरावतीत कोणी ‘मी कोचिंग लावलंय’ म्हटलं, की समोरचा विचारतो, नीटचं का जेईईचं? मी पन्नाशीला टेकल्यावर कोचिंग लावलं, तेव्हा आमच्या शेजाऱ्यांनीही तेच विचारलं. मी म्हटलं, ‘नेतृत्वाचं.’ त्यांनी आधी आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं. मग हळूच म्हणाले, ‘म्हणजे नगरसेवकाले उभे राहून राहिले का तुमी?’

मी कुठेही उभा राहत नव्हतो. उलट नुकताच बसलो होतो, एका ख्रिस्ती संस्थेच्या संचालकाच्या खुर्चीवर. अमरावतीत एक ऑफिस, एक लहानसा दवाखाना आणि परतवाड्याला मेळघाटातल्या मुलींसाठी एक वसतिगृह, एवढा आमचा पसारा. आमच्या क्षेत्रात माणूस संचालक झाला की त्याला दोन गोष्टी आपोआप मिळतात: सभेत टॉवेल टाकलेली खुर्ची आणि प्रत्येक वाक्यामागे ‘आमेन’. दोन्हींची सवय फार लवकर लागते. माझ्या पदग्रहणाच्या फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत ‘सेवक-नेतृत्व’ असं छापलं होतं. त्यात सेवकाचा, म्हणजे माझा, फोटो मधोमध होता आणि येशूचं चित्र वरच्या कोपऱ्यात, बोधचिन्हाएवढं. छापणाऱ्याची चूक, असं आम्ही सगळे म्हणालो. फ्लेक्स मात्र पावसाळ्यापर्यंत तसाच होता.

त्याच सुमारास आमच्या विश्वस्त मंडळातले काही जण पुण्याला कुठल्याशा शिबिराला जाऊन आले. तिथे त्यांना कळलं की प्रत्येक ख्रिस्ती नेत्याला एक कोच हवा. नेत्याला चुका दाखवणारं कोणी नसतं, तो एकटा पडतो, म्हणून त्याला मोकळेपणाने बोलायला एक जागा हवी, वगैरे. अध्यक्षांना हे इतकं पटलं की त्यांनी लगेच मला कोच लावायचं ठरवलं. स्वतःला लावायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

‘अमरावतीतच एक सर राहतात,’ ते म्हणाले. ‘पूर्वी अकोल्याकडे मोठा मिशन दवाखाना चालवायचे. आता काही काम नाही त्यांना.’

अशा रीतीने, ज्यांना काही काम नाही असे सर मला लाभले.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो, तर तो सगळा भाग कोचिंग क्लासेसचा. प्रत्येक भिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. त्या क्लासेसमध्येच, माडीवर, सरांच्या दोन खोल्या. उंच, सडपातळ, ऐंशीच्या आतबाहेरचे गृहस्थ. इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, आणि त्याचा खिसा वरून शिवून बंद केलेला. मी त्याकडे पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

‘डायरेक्टर होतो तवा यात तीन पेन राहत होते,’ ते म्हणाले. ‘तिन्ही सही कराले. आता कोणाच्याच कागदावर सही करायची नाही म्हणून शिवून टाकला.’

त्यांच्या घराला पाटी नव्हती, पण ‘कोचिंगवाले सर इथंच राहतात’ असं कोणी तरी सांगायचं आणि लोक चुकून वर यायचे. एकदा माझ्यासमोर दर्यापूरकडचे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. म्हणाले, ‘सर, हिले डॉक्टर कराचं हाये.’

‘डॉक्टर कोणाले व्हायचं हाये?’ सरांनी विचारलं.

‘हिले.’

‘तिनं सांगतलं का?’

गृहस्थ टोपी सारखी करू लागले. मग सर काहीच न बोलता मुलीकडे बघत बसले. दुसरा कोणी असता तर अशा वेळी चहा विचारून सुटका करून घेतली असती. सर गप्प बसायला अजिबात लाजत नसत. शेवटी ती मुलगी म्हणाली, ‘मले शेतीचं शिकाचं हाये. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात.’ बापाने तिला हाताला धरून उठवलं आणि थेट समोरच्या क्लासमध्ये नेलं. जिना उतरताना तिने मागे वळून पाहिलं आणि हसली. सरांच्या कोचिंगचा निकाल हा असा लागायचा, त्यामुळे कुठल्याही भिंतीवर त्यांच्या विद्यार्थ्यांचे फोटो कधी लागले नाहीत.

माझी शिकवणी मात्र घरी होत नसे. ती एसटीत होई. अमरावतीच्या स्टँडवरून परतवाड्याची बस धरायची, परतवाडा येईपर्यंत बोलायचं, तिथे चहा प्यायचा आणि येणाऱ्या बसने गप्प बसून परत यायचं. मी सुरुवातीला म्हणालो, ‘सर, संस्थेची गाडी आहे. एसी आहे.’

‘गाडीत तू मालक असशीन,’ सर म्हणाले. ‘एसटीत तुले कोणी वळखत नाही. तेथी तू डायरेक्टर नाहीस, तिघाच्या सीटवरचा तिसरा हायेस.’

आणि खरोखरच मी तिसरा असे. खिडकी सरांची, मधली जागा कुणा पिशवीवाल्याची आणि मी अर्धा बाहेर. बस इतकी खडखडायची की मनातलं दुःख ओरडून सांगावं लागे. ‘माझ्या हाताखालचे लोक पुढाकार घेत नाहीत, सर!’ असं मी एकदा ओरडलो, तर पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘भेत असतीन जी तुमाले.’ सर खूश होऊन म्हणाले, ‘बाईसाहेब, तुमी येत जा हर हप्त्याले.’

सल्ला ते कधी देत नसत. मी त्यासाठी किती तरी वेळा अडून बसलो. काहीही सांगितलं की ते म्हणत, ‘मंग?’ त्या एका ‘मंग’ला उत्तर देता देता वलगाव मागे पडायचं. आणि मी ‘प्रभूने माझ्या मनात घातलं’ असं म्हणालो, की ते वळून विचारत, ‘त्यानं घातलं, का अगोदरच होतं?’ हा प्रश्न मला फार उद्धट वाटे. मी बायबल वाचणारा माणूस. पण ते माझ्यापेक्षा जास्त वाचणारे होते, त्यामुळे तोंड उघडता येत नसे.

आमच्या घरीही याचे परिणाम दिसू लागले. एक दिवस बायको म्हणाली, ‘हल्ली तुम्ही मला मत विचारता आणि उत्तर येईपर्यंत थांबता. तब्येत बरी आहे ना?’

पहिल्या वर्षाच्या शेवटी मला एक दर्शन झालं. आमच्यात संचालकाला कल्पना सुचत नाहीत, दर्शनं होतात. दर्शन असं, की परतवाड्याच्या वसतिगृहाची इमारत मोकळी करायची आणि तिथे ‘ख्रिस्ती नेतृत्व विकास केंद्र’ उभारायचं. थंडगार सभागृह, पाहुण्यांच्या खोल्या, मागे मेळघाटचे डोंगर. दूरदेशीच्या एका मित्रसंस्थेलाही ते दर्शन ताबडतोब पटलं आणि तिने पैसे कबूल केले. मुलींचं काय, तर त्यांना त्यांच्या गावाजवळच्या आश्रमशाळांत ‘सामावून’ घेतलं जाणार होतं. नेते घडवण्यासाठी मुलींना घालवायचं, यात मला तेव्हा काहीच विचित्र वाटलं नाही. मी मंडळाच्या बैठकीत आधी प्रार्थना केली, मग दर्शन सांगितलं, मग पुन्हा प्रार्थना केली. ठराव पास. माझं नाव कोरलेली कोनशिलाही तयार झाली.

मी हे बसमध्ये सरांना सांगितलं. अभिमानानेच.

‘कोण नाही म्हणालं?’ त्यांनी विचारलं.

‘कोणीच नाही, सर. एकमतानं.’

‘तेथी माणसं होते ना?’

‘होते ना, सर. सगळे विश्वस्त होते. वसतिगृह सांभाळणाऱ्या कुमुदबाईपण होत्या.’

‘जिवंत?’

मी चिडलो. म्हणालो, ‘सर, ही माझी इच्छा नाही. प्रभूची इच्छा आहे.’

‘म्हणजे प्रभूची इच्छा तुले कळली. तूनं बाकीच्याइले कळवली. आन ते आमेन म्हणाले. बरोबर?’

‘हो.’

‘मंग प्रभूनं त्याइले सरळ काहून नाही कळवलं? त्याच्यापाशी नंबर नोयते का त्याइचे?’

आजूबाजूचे चार जण हसले. मी आसेगावला उतरलो. रागाने उतरलो, पण एसटीतून धड रागानेही उतरता येत नाही. पुढे गव्हाचं पोतं, मागे पिशवी, ‘दादा जरा सरका’, ‘ताई पाय घ्या’ असं करत अत्यंत नम्रपणे उतरावं लागतं. सर खिडकीतून माझ्याकडे पाहत पुढे निघून गेले. त्यांनी हात केला नाही, हाकही मारली नाही.

त्यानंतर बरेच दिवस मी गेलो नाही. अध्यक्षांना म्हणालो, कोचिंग संपलं, माझा पुरेसा विकास झाला आहे.

मग एकदा सकाळी सरांचा फोन आला. ‘डायरेक्टर, आज अकोल्याले लगन हाये. चाल.’

‘कोणाचं, सर?’

‘मले काय माहीत? तू चाल.’

का गेलो ते आजही सांगता येत नाही. बहुधा, भांडण झाल्यावर त्यांनी फोन केला याचंच मला बरं वाटलं असावं. अकोल्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून एक मंगल कार्यालय होतं. फाटकावर फुलांची कमान, आत डीजे. आम्हाला तिथे कोणीही ओळखत नव्हतं. दारातला पहारेकरी मात्र सरांना सलाम करून बाजूला झाला. सर आत गेले आणि मला इमारत दाखवू लागले.

‘हे पाह्य. हे लोकं चपला काढून राहिले ना, येथी ओपीडी होती. नवरीचा मेकअप चालू हाये, थे एक्स-रे. आन थे जिलेबीचं काउंटर दिसते का? थे ऑपरेशन थेटर.’

मला समजायला थोडा वेळ लागला. हाच त्यांचा मिशन दवाखाना. आसपासच्या गावांतून बैलगाडीने बायका बाळंतपणाला यायच्या, तो. भिंतींना आता गुलाबी रंग होता आणि वर झालरी.

आम्ही ताट घेऊन बसलो, जुन्या थिएटरमध्येच. मी विचारलं, ‘सर, दवाखाना बंद कसा पडला?’

‘एकमतानं,’ सर म्हणाले.

मग ते जेवता जेवता सांगू लागले, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसे. ‘मी म्हणो, हे मशीन आणा, का सारे आमेन म्हणत. मी म्हणो, तो वॉर्ड बंद करा, का आमेन. एक डॉक्टरीण होती. लय हुशार. तिनं एकदा साऱ्या लोकाइसमोर मले नाही म्हटलं. मी तिची बदली केली, दूर. मंग कोणीच नाही म्हणालं नाही. मी चुकत गेलो, ते आमेन म्हणत गेले. हाताखाली कोणी तयार झालं नाही, कारण की मी कोणाले होऊच देलं नाही. मी रिटायर झालो तवा निरोपाले एवढे हार होते का मान वाकली. पण रडला फक्त हारवाला. त्याचं गिऱ्हाईक जाऊन राहिलं होतं. मायामागं दवाखाना चालवणारं कोणीच नोयतं. तवा मंडळानं बसून जमीन-इमारत विकाचं ठरवलं. प्रार्थना करूनच ठरवलं असन.’

मी ताटातला भात कालवत राहिलो. 

‘त्या वर्षाइत मले हप्त्यातून एक डाव कोणी विचारलं असतं ना,’ ते म्हणाले, ‘का बाबा, तू काय करून राहिला? काहून करून राहिला?…’ त्यांनी जिलेबी तोडली, पण खाल्ली नाही.

इतक्यात नवरीचे काका की मामा आग्रहाला आले. ‘घ्या ना बाबा, काहीच घेतलं नाही तुमी. मुलाकडचे का मुलीकडचे?’

‘दवाखान्याकडचे,’ सर म्हणाले. काका हसून पुढच्या पंगतीकडे गेले. त्यांना वाटलं असेल, वऱ्हाडातले कोणी डॉक्टर असतील.

परतताना सर झोपले. ठरावाबद्दल त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही. तेव्हा मला ते फार निर्दय वाटलं.

दोन दिवसांनी मी एकटाच एसटीने परतवाड्याला गेलो. संचालक असा गाडीशिवाय आल्याचं पाहून कुमुदबाई घाबरल्या. त्यांना वाटलं, गाडीला अपघात झाला. मी म्हणालो, ‘बाई, केंद्राबद्दल तुम्हाला काय वाटतं?’

‘जशी साहेबांची इच्छा.’

‘ती मला माहीत आहे. तुम्हाला काय वाटतं?’

बाई गप्प. मीही गप्प बसलो. सरांकडून मी एवढंच शिकलो होतो आणि ते किती अवघड आहे हे तेव्हा कळलं. तोंडात तीन वेळा स्पष्टीकरण आलं, तीन वेळा गिळलं. बाहेर मुली पाढे म्हणत होत्या. शेवटी बाईंनी पदराने तोंड पुसलं.

‘खरं सांगू का, साहेब? तुमच्या आंधी येथचं छत पडलं होतं. तवा एका पावसाळ्यापुरत्या पोरी घरी धाडल्या होत्या. आश्रमशाळेत जातीन म्हणून. ज्या वापस आल्या त्याइचे चेहरे मले आता आठवत नाहीत. ज्या नाही आल्या त्या साऱ्या आठवतात. एक तं मागच्या बाजारात भेटली, कडेवर लेकरू, दुसरं पोटात. मले म्हणे, मावशी, मायी पेटी ठेवली का?’

‘हे तुम्ही बैठकीत का नाही बोललात?’

‘तुमी विचारलं कवा?’ बाई म्हणाल्या. ‘तुमी तं प्रार्थना करून सांगतलं. मंग पुन्हा डोये मिटले. प्रार्थनेच्या मधात कसं बोलाव, साहेब?’

पुढच्या बैठकीत मी ठराव मागे घेतला. दर्शन परत घेण्याची पद्धत आमच्या घटनेत नव्हती, म्हणून साध्या मराठीत ‘माझं चुकलं होतं’ असं म्हणावं लागलं. त्यावर एक चमत्कार झाला. सगळे विश्वस्त एकामागून एक बोलू लागले. कळलं ते असं, की तो ठराव कोणालाच मान्य नव्हता. खजिनदार म्हणाले, मी घरी बायकोजवळ विरोध केला होता. दुसरे म्हणाले, मी तर उपासच धरला होता, तुमचं मन बदलावं म्हणून. अध्यक्ष म्हणाले, ‘मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं.’ मी विचारलं, ‘मग बोलला का नाहीत?’ तर म्हणाले, ‘तुमचा उत्साह मोडू नये म्हणून.’ माझा उत्साह मोडू नये म्हणून ते सगळे मिळून मुलींचं घर मोडायला निघाले होते. प्रेमळ मंडळी.

दूरदेशीची मित्रसंस्था आम्हाला दुरावली. तिने पुढे ते केंद्र दुसऱ्या एका संस्थेला दिलं, आणि मलाच तिथे ‘ऐकण्याचं महत्त्व’ या विषयावर भाषणाला बोलावलं. मी गेलो नाही. कोनशिला कुमुदबाईंनी वसतिगृहाच्या हौदापाशी कपडे धुवायला बसवली. ‘तुमचं नाव खालच्या अंगाले केलं हाये, साहेब,’ त्यांनी आदराने सांगितलं. ‘वरती साबण लागला असता.’

सरांना हे सगळं मी बसमध्ये सांगितलं. मला वाटलं, आज तरी पाठ थोपटतील. ते खिडकीबाहेर कपाशी पाहत होते.

‘मंग?’ ते म्हणाले.

‘मग काय, सर. वसतिगृह राहिलं.’

‘कुमुदबाई आता बोलते का?’

‘बोलतात. फार बोलतात. परवा भर बैठकीत म्हणाल्या, साहेबांना हिशेब कळत नाही.’

‘तरास होते का तुले?’

‘फार होतो, सर.’

‘मंग बरं हाये,’ सर म्हणाले आणि कंडक्टरला ओरडून विचारलं, ‘भाऊ, आज परतवाड्याले लवकर पोचवून राहिले का आमाले?’ ते खूश आहेत हे ओळखायला एवढीच खूण मिळायची.

शेवटची काही वर्षं ते अकोल्याला लेकीकडे होते, आणि तिथेच गेले. झोपेत. मी दफनाला गेलो तेव्हा माझी अशी पक्की समजूत होती, की सरांचा विद्यार्थी मी एकटाच. पाहतो तर स्मशानभूमीबाहेर निरनिराळ्या संस्थांच्या गाड्यांची रांग. दवाखान्यांचे प्रमुख, शाळांचे मुख्याध्यापक, बायबल कॉलेजचे प्राचार्य. एक फार मोठे धर्मगुरूही होते. ज्यांची पुढच्या रांगेतली खुर्ची दुसऱ्या कोणाला दिली तर समारंभ रद्द होतो, असे. तेही कित्येक वर्षं मूर्तिजापूरच्या एसटीत सरांच्या सीटवर बसत होते. तिसरे.

माती लोटून झाली. पाळकसाहेबांनी म्हटलं, ‘सरांची शिकवण कोणी तरी दोन शब्दांत सांगावी.’

कोणी पुढे आलं नाही. ही सगळी माणसं चहाच्या आशीर्वादाची प्रार्थनासुद्धा अर्धा तास करणारी. पण सरांनी काही शिकवलंच नव्हतं. एकही सल्ला दिला नव्हता, एकही वाक्य फ्लेक्सवर छापण्यासारखं बोलले नव्हते. प्रत्येकाला त्यांनी फक्त प्रश्न विचारले होते, आणि ते चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते.  पाळकसाहेबांनी थोडी वाट पाहिली आणि गीत सुरू केलं.

नंतर फाटकाबाहेर आम्ही आपापल्या गाड्यांपाशी रेंगाळलो. निघायला कोणीच तयार नव्हतं. ते मोठे धर्मगुरू माझ्याजवळ आले आणि म्हणाले, ‘तुमचं कसं काय चाललंय?’

‘प्रभूच्या कृपेनं ठीक,’ मी म्हणालो. आमच्यात या प्रश्नाला हेच उत्तर देतात, आणि उत्तर पुरं व्हायच्या आत विचारणारा पुढच्या माणसाचा हात हातात घेतो.

ते तिथेच उभे राहिले. माझ्याकडे बघत. काहीही न बोलता. ड्रायव्हरने गाडीचं दार उघडलं, तरी हलले नाहीत.

मग मी त्यांना खरं सांगायला सुरुवात केली.